क्लच जळतो तो उभ्या उभ्या

मने, परवा रात्री तुझा फोन आला आणि तू पहिलंच वाक्य बोललीस, “ताई, क्लच पुन्हा गेला.” आवाज रडवेला होता. आप्पांना कळू देऊ नकोस म्हणालीस. मी नाही सांगणार. पण फोनवर तू नुसतं “हो ताई, हो ताई” करतेस आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारतं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. निवांत वाच, दोनदा वाच.

तीन महिन्यांत दोन किट गेली. तुझ्या शिकवणीच्या पैशांतून. मला त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून वाईट याचं वाटलं की तुला कुणीतरी सांगितलं, “प्लेटा हलक्या निघाल्या, महागाच्या टाक.” महागाच्या टाकशील तर त्याही जातील गं. प्लेटेचा दोष असता तर दोन्ही वेळा सारखाच वास आला नसता. प्लेट घासते ती घसरताना, आणि घसरते ती तुझ्या डाव्या हातामुळे. एकदा का प्लेटा एकमेकींना घट्ट धरून फिरायला लागल्या, की मग इंजिन कितीही ओरडू दे, त्यांची झीज जवळजवळ होतच नाही. तू ड्रॅगच्या शर्यतीत ४०२ मीटर पळतेस, त्यातले क्लचला खाणारे मीटर फार तर पहिले दहा. आणि खरं सांगू? निम्मा क्लच तर तू त्या दहा मीटरच्याही आधी जाळतेस, उभ्या उभ्या.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. तू लहान होतीस तेव्हा. आप्पांची आरएक्स १०० आठवते? काळी, टाकीवर ओरखडा असलेली. मी एकोणीस वर्षांची होते. कुणाला न सांगता संध्याकाळी गाडी घेऊन गावाबाहेर जायचे आणि रस्ता रिकामा दिसला की जागेवरून उडवायचा सराव करायचे. एका संध्याकाळी बावीस वेळा. मोजले होते, कारण मला त्याचा अभिमान होता. रेस पूर्ण, क्लच अर्धा, गाडी थरथरतेय, मग सोडायचा. शेवटच्या चार-पाच वेळा एक वास आला, केस जळल्यासारखा. मला वाटलं, शेतात कुणीतरी काही पेटवलंय.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. आप्पा राजूरच्या गणपतीला निघाले, पंचवीस-एक किलोमीटरचा रस्ता. सपाटीला गाडी गेली. देवळाच्या टेकडीच्या चढाला मात्र इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाक फिरेना. आप्पांनी ती गाडी ढकलत वर नेली. घरी आले, पाणी प्यायले, मला हाक मारली. रागावले नाहीत. अंगणात पेपर अंथरला, गाडी आडवी केली आणि माझ्यासमोर क्लच उघडला. गिअरचं ऑइल आधीच काढून एका ताटलीत ठेवलं होतं. काळंकुट्ट, आणि त्यात बुचाचे बारीक तुकडे तरंगत होते. टू-स्ट्रोक गाडीत क्लच गिअरच्या ऑइलात भिजलेला असतो, इंजिनचं पेट्रोल-ऑइल वेगळं, त्यामुळे दुसऱ्या कशाचं नाव घ्यायला जागाच नव्हती. लोखंडी प्लेट हातात घेऊन आप्पांनी उजेडात धरली. ती निळी पडली होती. तवा चुलीवर विसरला की त्याच्या कडेला येतो ना, तसा निळा-जांभळा रंग. म्हणाले, “हा रंग रस्त्यानं नाही येत पोरी. हा रंग उभं राहून येतो.”

बस, एवढंच. तेव्हापासून कुणाचाही क्लच उघडला की मी आधी तो रंग शोधते.

आता जरा हिशोब बघ, कारण तू बारावीला फिजिक्समध्ये चांगली होतीस. तुझी १५० सीसीची गाडी आणि तू मिळून धरू २०० किलो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ४००० आरपीएमवर असताना क्लच पूर्ण बसतो तेव्हा गाडीचा वेग साधारण ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. अडीच हजार ज्यूल. गाडीला एवढी गती देताना जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. इंजिनचे आरपीएम तेवढेच ठेवून क्लच सोडला तर निम्मी शक्ती चाकाला आणि निम्मी प्लेटांच्या घासण्यात, हा निसर्गाचा वाटा आहे, तो कुणालाच चुकत नाही. आता तू सुटतेस ८००० वर. वेग दुप्पट, उष्णता चौपट. दहा हजार ज्यूल. आपल्या बाथरूममधली हजार वॉटची पाणी तापवायची रॉड दहा सेकंद चालू ठेव, तेवढी उष्णता तळहातावर मावणाऱ्या त्या चार-पाच पातळ प्लेटांत एका झटक्यात जाते.

आणि ब्रेक दाबून, रेस देऊन, अर्ध्या क्लचवर तू तीन सेकंद थांबतेस ना, दिवे लागायची वाट बघत? तिथे इंजिनची चार किलोवॉट शक्ती जरी प्लेटांत गेली तरी बारा हजार ज्यूल झाले. गाडी बोटभरही पुढे सरकलेली नाही आणि एका अख्ख्या सुटीपेक्षा, म्हणजे रेषेवरून एकदा सुटण्यापेक्षा, जास्त क्लच तू तिथेच जाळलास. म्हणून म्हणते, उभ्या उभ्या.

तर पहिलं काम हे. दिव्यांच्या खांबाशी वरचे दोन छोटे दिवे असतात. पहिला लागला म्हणजे चाक रेषेजवळ आलं, दुसरा लागला म्हणजे रेषेवर. या दोन दिव्यांमधलं वीतभर अंतर सगळी पोरं अर्ध्या क्लचवर काढतात. तू पायानं ढकल. तुझी गाडी हलकी आहे, दोन्ही पाय टेकतात. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, इंजिन आपल्या चालीवर. दुसरा दिवा लागला की मग रेस चढव आणि क्लच फक्त तिथवर सोड जिथे चेन ताणली जाते आणि गाडी किंचित पुढे झुकते. ती जागा बोटांना पाठ व्हायला हवी. घरी, गाडी उभी करून, इंजिन आपल्या चालीवर ठेवून रोज दहा वेळा नुसती ती जागा शोध. यात काही जळत नाही. तुझी बोटं लहान आहेत माझ्यासारखीच, दांडी लांब पडते आणि मग तू ती धड दाबत नाहीस, धड सोडत नाहीस. जवळ घेता येणारी दांडी मिळते, ती बसवून घे. क्लच किटपेक्षा स्वस्त पडते.

दुसरं, ८००० कुणी सांगितलं तुला? मोठ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून ठरवलंस ना? ४५०० वर सूट. गाडी बसली, म्हणजे दम टाकला, तर ५००० कर. तरी बसली तर ५५००. पाचशे-पाचशेनं वर जा आणि वहीत लिही. वेळेची चिठ्ठी मिळते तिच्यात पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८ मीटरचा आकडा वेगळा असतो. सगळी पोरं शेवटचा आकडा बघतात, तू हा बघ. ज्या आरपीएमनंतर हा आकडा कमी व्हायचा थांबतो, तिथेच तुझी सुटी. त्याच्यावरचं प्रत्येक हजार फक्त प्लेटांना जाळतं.

हे लिहिताना मला तुझा चेहरा दिसतोय. “ताई, पण पोरं हसतात, इंजिन ओरडलं नाही तर.” हसू दे. त्यांच्या प्लेटा तू बघितल्यास का कधी?

गिअरिंगचं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. मागच्या चक्राचे दात वाढव. ४२ च्या जागी ४५ दातांचं टाकलंस तर गाडी त्याच आरपीएमला थोडी हळू चालते, क्लच लवकर बसतो, आणि वरच्याच हिशोबानं क्लचची उष्णता आठव्या हिश्श्याच्या आसपास कमी होते. हेच तू वजन उतरवून करायला गेलीस तर २०० मधले पाच किलो काढूनही जेमतेम अडीच टक्के. तू सीट कापलीस, मडगार्ड काढलंस, आरसे काढलेस आणि चक्र तेच ठेवलंस! फक्त एवढं बघ, की रेषा ओलांडताना इंजिन शेवटच्या गिअरमध्ये आचके देत नाही ना. देत असेल तर एक दात मागे ये.

आणि पुढचं चाक उचलतं म्हणून तू क्लच हळूहळू सोडतेस, हे मला तुझ्या व्हिडिओत दिसलं. तिथे हाताला दोष नाही, भीती खरी आहे. पण त्याचं औषध क्लचमध्ये शोधू नकोस. पुढचे फोर्क क्लॅम्पमधून थोडे वर सरकवून पुढची बाजू खाली घे, छाती टाकीवर टेकव, मागे सरकून बसू नकोस. ड्रॅगच्या मोठ्या गाड्यांचा मागचा दांडा लांब केलेला असतो तो याचसाठी. चाक जमिनीला राहिलं की क्लच पटकन सोडता येतो, आणि पटकन सुटलेला क्लच थंड राहतो.

गिअर बदलताना रेस पूर्ण ठेवून क्लचला नुसतं बोट लावायची तुझी सवय सोड. क्षणभर रेस कमी, क्लच झटकन, गिअर, परत रेस. मोठ्या गाड्यांत इंजिनची ठिणगी पापणी लवण्याआधी तोडून क्लचविना गिअर टाकतात, आणि त्यांच्या क्लचला फिरण्याच्या जोरानं आपोआप प्लेटा दाबणारे वजनाचे हात असतात. सुटताना स्प्रिंगा मऊ, पुढे वेग वाढेल तशी पकड घट्ट. १५० सीसीला त्याची गरज नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नकोस.

आता किट उघडून बसशील तेव्हाचं सांगते. आईचा जुना पोळपाट घेऊ नकोस, तो मधे खोलगट झालाय. देवघरातल्या जुन्या फोटोची काच निघालीय ना, ती घे, पुसून सपाट ठेव. लोखंडी प्लेट तिच्यावर ठेवून कडेनं फिलर गेजची पाती सरकव. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या पुढची पाती आत जात असेल तर प्लेट वाकलीय. नेमका आकडा तुझ्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात आहे, तोच धर. वाकलेली प्लेट क्लच दाबल्यावरही पूर्ण सुटत नाही, घासत राहते. निळी पडलेली प्लेट सरळ असली तरी मी परत घालत नाही. मग हाऊसिंगची बोटं बघ. प्लेटांचे कान जिथे टेकतात तिथे नख फिरव. खाचा लागल्या असतील तर प्लेट त्यात अडकते, सरळ सरकत नाही आणि क्लच झटके देत बसतो. बारीक खाच कानशीनं साफ होते, सगळ्या बोटांवरून सारखी फिरवायची. खोल असेल तर हाऊसिंगच बदलायचं. तुझी दोन किटं जिथे गेली तिथे हाऊसिंग कुणी पाहिलं होतं का, विचार.

नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नाहीत. रात्रभर इंजिन ऑइलात बुडवून ठेवायच्या. कोरडी प्लेट पहिल्या सुटीलाच करपते. आणि बसवल्या बसवल्या शर्यतीला न्यायच्या नाहीत. शंभर-एक किलोमीटर साधी चालव.

ऑइलचा डबा उलटा करून मागचं वाच. ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं हवं. हे जपानी मानक ओल्या क्लचसाठीच आहे. ‘एमबी’ लिहिलेलं स्कूटरसाठी, त्यात घर्षण कमी करणारं असतं. गाड्यांचं, म्हणजे कारचं ऑइल तर अजिबात नको. मामांच्या जीपचं उरलेलं ऑइल तू टाकलं होतंस हे मला मामींकडून कळलं. रागावत नाही, पण तुझं पहिलं किट जायला त्याचाही हातभार असणार. ते ऑइल इंजिनला चांगलं असेल, पण प्लेटांना निसरडं करतं. आता नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, जुन्या प्लेटांनी ते पिऊन घेतलंय.

स्प्रिंगा थोड्या कडक घे, जोडीनं समोरासमोर बसव, चारही बोल्ट फुलीसारखे थोडे थोडे आवळ. पण स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा उद्योग नको. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, क्लच पूर्ण सुटतच नाही, आणि तू रेषेवर गिअरमध्ये अडकून बसशील.

केबल. दांडीच्या टोकाशी दहा ते पंधरा मिलिमीटर मोकळी चाल ठेव, पुन्हा तेच, पुस्तकातला आकडा पहिला. प्लेटा झिजतात तशी ही चाल आपोआप कमी होत जाते, क्लच तापल्यावरही बदलते. पोरं ती मुद्दाम संपवतात, “क्लच लवकर पकडतो” म्हणून. खरं तर मग तो कधीच पूर्ण बसत नाही. दोन फेऱ्यांच्या मधे दांडी हलवून बघ. आणि रोज मस्तगडातून नव्या जालन्याच्या बाजारात जातेस तेव्हा गर्दीत बोटं दांडीवर टेकवून चालवू नकोस. शर्यतीची गाडी रोज कॉलेजला न्यायचीच असेल तर निदान एवढं पाळ.

एक फेरी झाली की लगेच दुसरीला रांगेत उभी राहू नकोस. परतीच्या रस्त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, कमी आरपीएमवर ये. ऑइल फिरतं आणि प्लेटांची उष्णता घेऊन जातं. मग वीस मिनिटं थांब. सावलीत बस, पाणी पी. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते. मने, हा सराव तू कुठे करतेस? मला खोटं सांगू नकोस. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही, हे तुला ठाऊक असूनही “पहाटे कुणी नसतं” असं तुमच्या ग्रुपमधल्या एकानं लिहिलेलं मी पाहिलंय. कायदा बाजूला ठेव. रस्त्यावर ट्रॅक्टर बिनदिव्याचा येतो, म्हैस येते, कुणाचे तरी आप्पा राजूरहून परतत असतात. मी त्या संध्याकाळी बावीस वेळा उडाले आणि मला काही झालं नाही, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. क्लचच्या हिशोबानंही रस्ता वाईटच. तिथे वेळ मोजणारं कुणी नसतं, म्हणून तुम्ही नुसतं वीस-वीस वेळा सुटत राहता, शिकत काहीच नाही. वेळेच्या चिठ्ठीवरच्या पाच सुट्या रस्त्यावरच्या पन्नासांपेक्षा जास्त शिकवतात.

शर्यतीला रीतसर जागा आहेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्यात. राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर भरते, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा तो ट्रॅक. बंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा तिथूनच अनेकदा राष्ट्रीय विजेता झालाय. परवाना देशातल्या मोटार क्रीडा महासंघाचा काढावा लागतो. त्याची फी मी भरते. उसनी नाही, बहिणीकडून.

“मुलीचं काम नाही” असं परत कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. अमेरिकेत अँजेल सँपी नावाची बाई आहे. दवाखान्यात नर्स होती. २०००, २००१ आणि २००२, सलग तीन वर्षं ती तिथल्या प्रो स्टॉक मोटरसायकल ड्रॅगची विजेती झाली, पुरुषांबरोबर एकाच रांगेत उभी राहून. तिच्या गाडीलाही क्लचच होता आणि तिलाही तोच डावा हात.

आप्पांना मी सांगणार नाही म्हटलं, पण तू सांग. ते ओरडतील असं तुला वाटतं, मलाही तेव्हा वाटलं होतं. त्यांच्या हाताला प्लेट कळते, माझ्यापेक्षा जास्त. आणि त्यांना बरं वाटेल गं, कुणीतरी विचारलं म्हणून.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते. नवं किट मी वाळूजहून आणते, तू पैसे देऊ नकोस. तुझ्याकडे गेल्या महिन्यातली ती न वापरलेली प्लेट पडलीय ना, तीही फेकू नकोस, शनिवारी रात्री ऑइलात टाकून ठेव. आणि जुन्या प्लेटा धुऊ नकोस. तशाच पेपरात गुंडाळून ठेव, मला रंग बघायचाय.